किटीची गोष्ट आणि दाराबाहेरचे श्रोते

एक्स-मेन या अमेरिकन सुपरहीरो कॉमिक्सचा १५३वा अंक आवडणारे आणि न आवडणारे यांचं भांडण कधी मिटेल असं मला वाटत नाही. मिटावं असंही वाटत नाही. जानेवारी १९८२ अशी तारीख असलेल्या या अंकात एकही खरी लढाई नाही. एक्स-मेनचा जुना शत्रू मॅग्नेटो याच्याशी झालेला मोठा सामना दोन-तीन अंकांमागे, १५०व्या अंकात, होऊन गेला आहे. आता पुढे काय, या ओढीने वाचक अंक उघडतो, तर किटी प्राइड नावाची शाळकरी मुलगी सहा वर्षांच्या इलियानाला झोपवण्यासाठी गोष्ट सांगायला बसलेली असते. बहुतेक सगळा अंक म्हणजे ती गोष्ट.

गोष्टीत किटीने आपलीच माणसं, म्हणजे बरोबरचे एक्स-मेन, घेतली आहेत. ती स्वतः समुद्री डाकू, कमरेला तलवार. इलियानाचा थोरला भाऊ कोलोसस तिचा साथीदार. नाइटक्रॉलर एवढासा, निळा, कडेवर घेण्याजोगा, आणि त्याचं नाव बॅम्फ. वुल्व्हरीन हा एक केसाळ, बेनाव राक्षस. प्रोफेसर झेवियर जादूगार. एक्स-मेनचं काळं विमान ब्लॅकबर्ड इथे लॉकहीड नावाचा अवाढव्य काळा ड्रॅगन होऊन येतं. खरं ब्लॅकबर्ड विमान बनवणाऱ्या कंपनीचं नाव लॉकहीड. किटीच्या वयाची हुशार मुलगी हाताशी असलेलं नाव कसं उचलेल, हे लेखक ख्रिस क्लेअरमॉन्टला नेमकं कळलं होतं. चित्रं डेव्ह कॉक्रमची. १९७५ साली नाइटक्रॉलर, स्टॉर्म, कोलोसस यांना पहिल्यांदा रूप देणारा हाच माणूस, आणि त्यांना परीकथेचे कपडे चढवताना त्याचा हात किती सुटला आहे ते पानापानावर दिसतं.

गेल्या हिवाळ्यात हा अंक मी आमच्या इंदूरच्या घरी ज्याला त्याला दाखवला. आधी पुतण्याला, मग शाळेपासूनच्या एका मित्राला, आणि शेवटी आत्याला. तिघांनी तीन निराळ्या गोष्टी वाचल्या असं म्हणायला हवं.

पुतण्या कॉलेजात आहे. सिनेमांमधून कॉमिक्सकडे आला आणि आता मागचे अंक क्रमाने वाचून काढतो आहे. त्याने अंक पाहिला आणि विचारलं, "काका, हा मोजायचा की नाही?"

हा प्रश्न हिशेबी वाटेल, पण मला त्याच्याबद्दल आदर आहे. जिथे शेकडो अंक, डझनावारी नायक आणि सगळ्यांचं जग एकच, तिथे काय खरोखर घडलं आणि काय घडलं नाही याची वही वाचकाला मनात ठेवावीच लागते. १९६१मध्ये फँटॅस्टिक फोर आलं, ते आणि एक्स-मेन छापणाऱ्या मार्व्हल कंपनीचे नायक एकमेकांच्या अंकांत ये-जा करू लागले, आणि तेव्हापासून वाचक लेखकांच्या चुका पकडू लागले. कुणाचा डोळा निळा होता तो तपकिरी कसा झाला, अमुक माणूस तर मेला होता, असं पत्रांतून विचारू लागले. मार्व्हलचा संपादक स्टॅन ली याने त्यावर नो-प्राइझ नावाचं बक्षीस काढलं. नुसती चूक दाखवून भागत नसे, ती चूक मुळात चूक कशी नाही याचं पटेल असं कारण वाचकानेच शोधून द्यायचं. बक्षीस म्हणून घरी रिकामं पाकीट यायचं. ते रिकामं पाकीट जपून ठेवणाऱ्यांना मी ओळखतो असं मला वाटतं, जरी त्यांतला एकही मला भेटलेला नाही. गोष्ट तुटू नये म्हणून धडपडणारे लोक आहेत ते. माझा पुतण्या त्यांच्यातलाच.

त्याचं म्हणणं असं होतं: गोष्टीतली किटी खरी किटी नाही. ड्रॅगन नाही, राक्षस नाही, सकाळ झाली की सगळं पहिल्यासारखं. मग पुढच्या अंकासाठी यातलं काय लक्षात ठेवायचं? काही नाही. म्हणजे हा फिलर, नुसती मधली जागा भरणारा अंक. "वाचायला हरकत नाही, पण सोडला तरी काही बिघडत नाही," असा त्याने निकाल दिला.

मित्राची अडचण वेगळीच निघाली. त्याला फिलर वगैरे काही वाटलं नाही, उलट एवढा गाजावाजा कशाबद्दल, हेच त्याला कळेना. "अरे भिया, तलवार आली, ड्रॅगन आला, त्यात नवल काय? आपण तर हेच वाचत मोठे झालो."

ते खरंच आहे. रामबागेतली आम्ही मराठी मुलं घरात मराठी बोलायचो आणि कॉमिक्स हिंदीत वाचायचो. भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानात दोरीवर ओळीने टांगलेली असायची, सुट्टी लागली की सकाळी नेऊन संध्याकाळी परत, आणि जुनी पाहिजे असली तर खजुरी बाजार. राज कॉमिक्सचा नागराज १९८६चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७चा. नागराजच्या शरीरात सूक्ष्म साप राहतात, त्याच्याभोवती इच्छाधारी नागांचं सगळं जग आहे, आणि तो त्याच अंकात शहरातल्या दहशतवाद्यांशीही लढतो. ध्रुवजवळ कुठलीच दैवी शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला मुलगा, बुद्धी आणि अंगमेहनत एवढंच. आणि दोघे एकाच अंकात भेटले तर आम्हाला काही खटकत नसे. भोकाल तर परीलोकातूनच आलेला. पुढे नागायण आलं, आठ भागांचं, त्यात नागराज आणि ध्रुव यांना घेऊन थेट रामकथेचा साचा भविष्यकाळात नेला होता. सुपरहीरो इकडे आणि राजा-राक्षस तिकडे, अशी भिंत आमच्या वाचनात कधी उभीच राहिली नाही. राज कॉमिक्समधलं ग्रीन पेज, म्हणजे वाचकांशी बोलायचं पान, आम्ही गोष्टीइतक्याच ओढीने वाचायचो, त्यावरून वाद घालायचो, पण हा नायक या जगात शोभत नाही, अशी तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

अमेरिकन वाचकाच्या मनात ती भिंत होती, म्हणून १५३वा अंक त्याला धक्का देऊ शकला. एक्स-मेनला विज्ञानाची फोडणी आहे. म्यूटंट म्हणजे जन्मजात वेगळे जीन्स, त्यांचं विमान, त्यांचं प्रशिक्षण, त्यांना घाबरणारा समाज. ते सगळं काढून घेतलं की मागे काय उरतं? वुल्व्हरीनचा राग उरतो. नाइटक्रॉलरचा खोडकर चांगुलपणा उरतो. प्रोफेसरची काळजी आणि हटवादीपणा, दोन्ही उरतात. म्हणजे विज्ञानाचा भाग आवरण होतं आणि माणसं आत होती. हे किटीला कळलं आहे, तेही एक्स-मेनमध्ये आल्याला फार दिवस झाले नसताना. मित्राला हे पटलं. पण त्याने लगेच दुसरं टोक पकडलं. "मग तुमची ती जीन कोण? सगळी गोष्ट तर तिच्यासाठी चाललीये."

आणि आत्या नेमकी इथेच थांबली होती.

आत्या ऐंशीच्या घरातली. इंग्रजी वाचत नाही, पण गोष्ट म्हटली की आजही पदर खोचून बसते. श्रीधरांचा पांडवप्रताप, रामविजय, हरिविजय तिने दर चातुर्मासात ऐकले आहेत, वाचले आहेत. मी चित्रं दाखवत दाखवत मराठीत सांगत गेलो. गराडू तळून झाले होते, वरून जिरावण भुरभुरलेले, ती एक एक उचलत ऐकत होती. बॅम्फ तिला फार आवडला. वुल्व्हरीनला ती "तो केसाळ" म्हणायला लागली. मग राजकन्या जीन आली, तिच्यात शिरलेली काळी शक्ती आली, आणि आत्याने हात वर केला.

"थांब. ही कोण? हिच्याबद्दल सगळे एवढे हळवे का होतायत?"

मग मला मागे जाऊन सांगावं लागलं. जीन ग्रे ही १९६३मधल्या पहिल्या पाच एक्स-मेनपैकी एक. पुढे तिला फिनिक्सची अफाट शक्ती मिळाली, ती शक्ती बिघडली, आणि त्या भरात तिने एक तारा गिळला. त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर अब्जावधी जीव राहत होते, ते सगळे गेले. अखेर चंद्रावर, आपलं मन अजून थोडं आपल्या ताब्यात आहे तोवर, तिने स्वतःला संपवलं. स्कॉट, म्हणजे सायक्लॉप्स, तिच्या समोर उभा होता. अंक १३७, सप्टेंबर १९८०.

"म्हणजे प्रायश्चित्त घेतलं तिने."

"हो."

"आणि ही पोर गोष्टीत तिला बरी करते? तिच्यातलं ते काळं काढून टाकते, स्कॉटजवळ परत देते?"

"हो."

"ती हिची कोण होती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की उत्तर विचित्र आहे. फारशी कोणीच नाही. किटी पहिल्यांदा दिसते ती १२९व्या अंकात, आणि जीनची घसरण तिथूनच सुरू होते. त्यांची ओळख जेमतेम काही अंकांची, तीही धावपळीत. किटी आली तेव्हा जीन जायला निघाली होती. त्या घरात राहायला आलेल्या किटीच्या वाट्याला जीन आली नाही, जीनची न भरणारी जागा आली.

आत्या म्हणाली, "मग गोष्ट त्या लहानीसाठी नाहीच सांगितली. बाहेर बसलेत ना, त्यांच्यासाठी सांगितली."

शेवटी कळतं की स्कॉट आणि बाकीचे दाराबाहेर बसून ऐकत होते. आत्याचा सगळा भर त्यावर होता. तिच्या लहानपणी वाड्यात पोथी चालायची तेव्हा बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ऐकायच्या. सांगणाऱ्याला समोरची चार माणसं दिसत, पण पोथी पोचायची ती उंबऱ्याशी, असं ती म्हणते. एखादीला त्या वर्षी काही झालेलं असलं तर सांगणारे तो अध्याय जरा सावकाश घेत.

मला आत्याचं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही. माझ्या मते किटी स्वतःसाठी सांगत होती. जिला तिने नीट ओळखलंसुद्धा नाही, अशा बाईच्या मरणाची गोष्ट तिने या घरात आल्यापासून सगळ्यांच्या गप्प बसण्यातून वाचली आहे. तिला तो शेवट सहन होत नाही. मग ती तेच करते जे प्रत्येक मनस्वी वाचक करतो. शेवट बदलून पाहते. म्हणून हा अंक मला वाचकाच्या प्रतिक्रियेबद्दल लिहिलेला वाटत नाही, तो स्वतःच एका वाचकाची प्रतिक्रिया आहे. फक्त ती वाचक गोष्टीच्या आत राहते.

जीनच्या मरणावर वाचकांच्या प्रतिक्रिया गोष्टीच्या बाहेरही झाल्या, आणि त्यांतून काय काय घडलं ते माहीत असेल तरच किटीच्या गोष्टीचं मोल कळतं.

१३७चा मूळ शेवट निराळा होता. जीनची शक्ती काढून घ्यायची आणि तिला जगू द्यायचं, असं ठरलं होतं, तशी पानंही काढून झाली होती. संपादक जिम शूटर अडून बसला. अब्जावधी जीव मारून ही मुलगी घरी परत जाऊन सुखाने राहणार का? त्याचा प्रश्न बरोबर होता असंच मी मानतो. शूटर स्वतः वाचकांतून वर आलेला माणूस. तेरा वर्षांचा असताना त्याने लीजन ऑफ सुपर-हीरोजच्या गोष्टी लिहून, चित्रांचे आराखडे काढून डीसी या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीकडे पाठवल्या होत्या, आणि १९६६मध्ये त्या छापून आल्या. हे मी याहून चांगलं करू शकतो, या वाचकाच्या हट्टातून तो लेखक झाला. म्हणून जीनला मरण द्यायला लावणारी माझ्या लेखी एका कडक वाचकाचीच प्रतिक्रिया होती. मूळ शेवट पुढे १९८४मध्ये स्वतंत्र अंक म्हणून छापला गेला. तो वाचल्यावर कुणालाही कळतं की शूटरने गोष्ट वाचवली.

दुसरी प्रतिक्रिया एका विद्यार्थ्याची. कर्ट ब्यूसिक, पुढे नावाजलेला लेखक झाला, पण तेव्हा नुसता चाहता होता. त्याला जीन परत हवी होती, आणि शूटरची अट अशी की ती परत यायची तर त्या हत्यांचं पाप तिच्या माथ्यावर असता कामा नये. ब्यूसिकने तोड काढली: तारा गिळणारी जीन खरी जीन नव्हतीच, फिनिक्स शक्तीने तिचं रूप घेतलं होतं, आणि खरी जीन समुद्राच्या तळाशी एका कोशात झोपलेली होती. नो-प्राइझला शोभेलशी तोड. ही कल्पना त्याच्याकडून मार्व्हलचा लेखक रॉजर स्टर्न याच्याकडे, स्टर्नकडून लेखक-चित्रकार जॉन बर्नकडे गेली, आणि १९८६मध्ये जीन खरोखर परत आली. वाचकाने मांडलेली गोष्ट मोजली गेली.

पुतण्याला ही हकीकत सांगितली तेव्हा तो हरखला. वाचकाचं म्हणणं छापून यावं, याहून मोठं काय? मी मात्र त्या परतीवर कधीच खूश नव्हतो आणि आजही नाही. जीन परत आली तेव्हा स्कॉटचं लग्न झालेलं होतं. मॅडलिन प्रायर त्याची बायको, तान्हा मुलगा घरात. जीन जिवंत आहे हे कळताच स्कॉट त्या दोघांना सोडून निघतो. हे ज्यात घडतं त्या एक्स-फॅक्टर मालिकेचा पहिला अंक वाचताना मला आजही त्याचा राग येतो. एकीला परत आणायचं म्हणून दुसरीला पायरीवर उभं केलं, आणि पुढे त्या मॅडलिनची तर खलनायिकाच करून टाकली. शिवाय १३७व्या अंकातलं जीनचं चंद्रावरचं प्रायश्चित्त तिचं राहिलंच नाही. ते भलत्याच कुणाचं तरी निघालं.

किटीच्या गोष्टीने असं काही मोडलं नाही. तिच्यात जीन बरी होते, स्कॉटला मिळते, आणि त्यापायी कुणा मॅडलिनला घराबाहेर पडावं लागत नाही. चंद्रावरचं मरण जसंच्या तसं राहतं. दाराबाहेरचा स्कॉट एका रात्रीपुरतं ऐकतो आणि त्याचं दुःख त्याच्यापाशीच राहतं, कुणी ते हिसकावून घेत नाही. हे सगळं शक्य झालं ते हा अंक मोजायचा नव्हता म्हणून. परीकथेचा पोशाख घातल्यामुळे जीनला हात लावायची मुभा मिळाली. पुतण्या ज्याला या अंकाची उणीव म्हणतो, त्यावरच अंक उभा आहे.

हे मी त्याला सांगितलं. तो गप्प राहिला, पण मान्य केलं नाही. मग तो पुढचे अंक वाचत गेला आणि एका रात्री त्याचा फोन आला. तो १६०पाशी पोचला होता.

१६०व्या अंकात इलियाना, तीच गोष्ट ऐकणारी सहा वर्षांची मुलगी, बेलास्को नावाच्या मांत्रिकाच्या लिंबो या जगात ओढली जाते. सुटकेच्या क्षणी तिचा हात किटीच्या हातात असतो. तो क्षणभर निसटतो. किटी पुन्हा पकडते, खेचते, आणि बाहेर येते ती तेरा वर्षांची इलियाना. इकडे काही क्षण गेले, तिकडे सात वर्षं. ती वर्षं १९८३-८४च्या मॅजिक या चार अंकांत सांगितली आहेत: राक्षस, जादू, तलवार, आणि त्या सगळ्यात वाढलेली मुलगी. परीकथा ऐकत झोपी जाणारी मुलगी पुढे परीकथेत हरवली आणि मोठी होऊनच परतली.

पुतण्या म्हणाला, "काका, १५३ वाचला नसता तर हे मला एवढं लागलं नसतं." मग लगेच, "पण तरी तो मोजायचा नाही, हे माझं म्हणणं कायम आहे." मला त्याचा हा चिवटपणा फार आवडतो.

त्यानंतर त्याला एकेक सापडत गेलं. १६६व्या अंकात, १९८३मध्ये, किटीला परक्या जगात एक छोटा जांभळा ड्रॅगन भेटतो, तिच्यामागे पृथ्वीवर येतो, आणि ती त्याचं नाव ठेवते लॉकहीड. खुद्द कॉक्रमने १९८५-८६मध्ये नाइटक्रॉलरचे चार अंक लिहिले आणि काढले, त्यांत नाइटक्रॉलर जगाजगांतून भरकटत किटीच्या परीकथेतच जाऊन पडतो आणि बॅम्फ त्याला प्रत्यक्ष भेटतात. किटीने झोपायच्या वेळी रचलेली माणसं अशी हळूहळू वहीत चढली. वाचकांना आवडली नसती तर चढली नसती, एवढं मी खात्रीने म्हणेन. इलियाना पुढे १९९३मध्ये, पुन्हा लहान झालेली असताना, लेगसी व्हायरस या रोगाने जाते. त्या अंकाबद्दल पुतण्याशी अजून बोललेलो नाही. तो तिथवर पोचायचा आहे. पुढे ती परतते हेही मी त्याला सांगितलेलं नाही.

आत्या मात्र विचारते. मागच्या रविवारी गेलो तर पहिला प्रश्न तोच: "त्या लहानीचं पुढे काय झालं रे? झोपली ना गोष्ट ऐकून?" पुतण्या म्हणतो, तिला १६०वा सांगू नकोस, उगाच जीवाला लावून घेईल. मित्राचंही तेच मत. मी ऐकणार नाही. आत्या दर चातुर्मासात अभिमन्यूपर्यंत येते, डोळे पुसते आणि दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय लावते. येत्या रविवारी मॅजिकचे चारही अंक घेऊन जाणार आहे, आणि लिंबोतली तलवार कुठून आली हे ती विचारणारच, म्हणून ते आधी पुन्हा वाचून काढतो आहे.